१८ सेंटिमीटरचं मनगट आणि लेडीज काउंटर

पत्र

मी ४१ वर्षांची आहे. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, राहते भांडुपला. कॉलेजात कबड्डी खेळायचे, हाडापेरानं मोठी आहे. मनगट मोजलं तर १८ सेंटिमीटर भरलं. गेल्या वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्यानं सोनेरी चेनचं नाजूक घड्याळ दिलं होतं. पावसाळ्यात त्याच्या काचेआड वाफ धरली, चेनचा रंग उडाला, मनगटाला खाज सुटून लाल चट्टे उठले आणि शेवटी ते बंद पडलं. परवा नवीन घ्यायला गेले तर दुकानातला मुलगा चार लोकांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमच्या हाताचं लेडीजमध्ये येत नाही." मी काही न बोलता घरी आले.

फरकाचे पैसे आलेत, त्यातले ५,००० बाजूला काढलेत. मुलगी म्हणते स्मार्टवॉच घे. नवरा म्हणतो पुन्हा सोनेरीच, पण चांगल्या कंपनीचं. भाऊ म्हणतो चोर बाजारातून जुनं एचएमटी आणून देतो, तुझ्या हाताला तेच शोभेल. मला नाडी मोजायला घड्याळ लागतं, रात्रपाळीत वेळ बघायला लागतं. आणि खरं सांगते, हातात छानही दिसायला हवं. काय घेऊ?

— एक सिस्टर, भांडुप

उत्तर

ताई,

त्या मुलाचं बोलणं तुम्हाला लागलं असणार, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. लेडीज कप्प्यात तुमच्या हाताचं घड्याळ नाही, एवढं त्याचं खरं आहे. त्या कप्प्यातली बहुतेक घड्याळं २४ ते ३० मिलिमीटरची असतात आणि चेनही आखूड असते. पण 'लेडीज' आणि 'जेंट्स' या पाट्या दुकानदाराला माल मांडायला सोयीच्या म्हणून लावलेल्या असतात. मनगटाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. त्यानं शेजारचा ड्रॉवर उघडला असता तर तुम्ही त्याच दिवशी घड्याळ घालून घरी गेला असता.

मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच, हे त्याला कुणी सांगितलेलं नसावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले पुरुष साखळीचं घड्याळ खिशात ठेवत, मनगटावर बांधणं त्यांना बायकी वाटे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात खंदकात उभं राहून खिशात हात घालायला सवड मिळेना, तेव्हा सैनिकांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि मग ते पुरुषांचं झालं. मापाचीही तीच गोष्ट. माझ्या वडिलांचं गिरगावात घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं, भिंग डोळ्याला लावायला मी त्याच टेबलावर शिकलो. तेव्हा दुरुस्तीला येणारी पुरुषांची घड्याळं ३४, ३५, फार तर ३६ मिलिमीटरची असत. जावयाला हौसेनं दिलं जाणारं एचएमटी जनताही ३५ च्याच आसपासचं. चांगले धिप्पाड गिरणी कामगार ते वापरायचे आणि कुणाला ते लहान वाटत नसे. आज त्याच मापाच्या घड्याळावर 'युनिसेक्स' लिहितात आणि जेंट्सच्या कप्प्यात ४४-४६ मिलिमीटरच्या थाळ्या मांडतात. तेव्हा जेंट्सच्या कप्प्यातलंही सगळंच तुमच्यासाठी नाही, एवढं ध्यानात ठेवून तिकडे वळा.

मनगटाचा घेर तुम्ही मोजलात ते बरं झालं. आता आणखी एक माप घ्या, माझ्या मते ते जास्त कामाचं. हात टेबलावर पालथा ठेवा. मनगटाच्या वर आलेल्या हाडाच्या जरा मागे, जिथे घड्याळ बसतं तिथे मुलीच्या कंपासमधली पट्टी आडवी धरा आणि वरचा सपाट भाग किती मिलिमीटर आहे ते बघा. तुमच्या घेराला तो साधारण ५२ ते ५८ च्या दरम्यान यावा. घड्याळाचं जे माप याच्याशी ताडून बघायचं ते डायलच्या व्यासाचं नाही. पट्टा अडकवायला घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या अंगाला, वर-खाली दोन-दोन शिंगं असतात ना, तर वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतची लांबी बघायची. दुकानात तिला लग टू लग म्हणतात. ही लांबी मनगटाच्या सपाट भागात मावली पाहिजे. टोकं मनगटाबाहेर लोंबत असतील तर घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं. उलट ती फारच आत राहिली तर दोन्ही बाजूंना हात उघडा पडतो, आणि आहे त्याहून रुंद दिसतो. तुमच्या सोनेरी घड्याळाचं नेमकं हेच झालं असणार.

या हिशेबानं तुम्हाला ३६ ते ३९ मिलिमीटर व्यासाची केस आणि ४४ ते ४८ मिलिमीटरची लांबी शोभेल. जाडी ११ च्या वर नको. पट्टा केसच्या साधारण निम्म्याइतका रुंद असावा, म्हणजे तुमच्या बाबतीत १८ किंवा २० मिलिमीटर. रुंद मनगटावर बारीक पट्टा दोरा बांधल्यासारखा दिसतो, डायल कितीही चांगलं असलं तरी. आकडे मोठे वाटले तर घाबरू नका. आरशासमोर उभं राहून, हात खाली सोडून बघा. मोबाइलवर जवळून काढलेल्या फोटोत प्रत्येक घड्याळ अवाढव्य दिसतं आणि त्या फोटोवरून लोक चांगलं घड्याळ परत करतात. समोरचा माणूस ते चार फुटांवरून बघणार असतो.

आणि घ्यायला जायचं ते ड्यूटी संपल्यावर, संध्याकाळी. आठ तास उभं राहून, मुंबईच्या उकाड्यात हात फुगतो. सकाळी अंगासरशी बसलेली चेन संध्याकाळी वळ उठवते. पट्ट्याखाली करंगळी सहज सरकली पाहिजे.

आता वॉर्डाकडे येतो. इथे मी जे सांगणार आहे ते तुमच्या प्रश्नात नाही, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पेशंटला हात लावताना मनगटावर घड्याळ नसलेलं बरं. ऑपरेशनआधी हात धुताना अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांतच आहे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तर २००७ पासून वॉर्डातही कोपराच्या खाली काही नको, असा दंडक आहे. कारण तुम्हाला मी काय सांगायचं? पट्ट्याखालची कातडी धुतली जात नाही. चेनच्या कड्यांमध्ये काय साठतं ते मी भिंगाखाली बघितलंय. टाचणीनं उकरून काढावा लागतो तो काळा लगदा. तुमच्या रुग्णालयाचा नियम काय असेल तो असो, पण नाडीसाठी तुम्ही छातीवर लावायचं घड्याळ घ्या.

ते युनिफॉर्मला पिननं अडकवतात आणि ते उलटं लोंबतं. समोरच्याला १२ खाली दिसतात, तुम्ही मान खाली घातली की तुम्हाला बरोबर दिसतात. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पेशंटच्या मनगटावर बोटं ठेवून सेकंद काटा बघता येतो. सिलिकॉनच्या खोळीतलं घ्या, म्हणजे पुसून स्वच्छ होतं. ४००-५०० रुपयांत चांगलं मिळतं. काटा लाल किंवा काळा, डायल पांढरं आणि ६० च्या ६० रेघा छापलेल्या असाव्यात. काही डायलवर नाडीचीच पट्टी छापलेली असते. पहिला ठोका १२ वर धरायचा, पट्टीवर सांगितलेले १५ किंवा ३० ठोके मोजायचे आणि काटा असेल तिथला आकडा वाचायचा, तोच मिनिटाचा दर. गुणाकार करावा लागत नाही. अर्थात ठोके नियमित पडत नसतील तर पूर्ण मिनिट मोजायचं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

नाडीचं काम छातीवरच्या घड्याळाकडे गेलं की मनगटावरचं घड्याळ मोकळं होतं. ते घर ते रुग्णालय, बाजार, बँक, लग्नकार्य यांच्यासाठी. तिथे दिसण्याचा विचार मनमोकळेपणानं करा. 'खरं सांगते' असं दबकत लिहिलंत तुम्ही. हातात छान दिसावं असं वाटणं यात काही चूक नाही.

आता मुंबईतला घड्याळाचा खरा शत्रू. पाणी.

जुलैमध्ये टेबलावर येणारं घड्याळ कसं असतं ते सांगतो. मागचं झाकण सुरीनं उचललं की कडेनं बसवलेली रबर रिंग दिसते, केसाइतकी बारीक. नवी असते तेव्हा ती गोल आणि लवचिक असते. तीन वर्षांच्या घामानं आणि उष्म्यानं ती चपटी होते, चिमट्यानं उचलायला गेलं की तुटते. वेळ लावायची चावी जिथून आत शिरते तिथे हिरवट बुरशीसारखा थर चढलेला असतो. तो पितळेवर घामानं चढलेला कळंक. चावीची काडी गंजून तपकिरी झालेली. काचेच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे थेंब, आणि डायलवर ते जिथे टपकलेत तिथे चहाच्या डागासारखी वर्तुळं. बहुतेकांना वाटतं की आपण घड्याळ कधी पाण्यात घातलंच नव्हतं. खरंच घातलेलं नसतं. पण दमट हवा त्या मेलेल्या रिंगमधून आत जाते आणि तुम्ही परळजवळच्या हिंदमाताच्या चिकचिकाटातून एसी आयसीयूत शिरलात की तीच हवा काचेआड पाणी होऊन बसते. तुमच्या घड्याळात धरलेली वाफ ती हीच.

झाकणावर 'वॉटर रेझिस्टंट ३० मीटर' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ ३० मीटर खोल बुडवा असा नाही. कारखान्यात नव्या घड्याळावर तेवढा स्थिर दाब देऊन बघितलेला असतो, एवढंच. वापरात त्याचा अर्थ हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील. ५० मीटरला पावसात भिजलं तरी चालतं, १०० मीटरला बिनधास्त पोहा. तुम्ही ५० च्या खाली जाऊ नका. १०० मिळालं तर उत्तम. गरम पाण्याची वाफ आणि साबण मात्र कुठल्याच घड्याळाला मानवत नाहीत, रबर लवकर मरतं. आणि चावी नीट आत दाबलेली आहे ना, हे रोज एकदा बोटानं चाचपा. मी पाणी गेलेली जी घड्याळं उघडली, त्यातल्या कितीतरींची चावी नुसती अर्धवट बाहेर राहिलेली होती. कधी वाफ धरलीच तर तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तव्यावर किंवा ड्रायरनं शेकू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे जाऊन झाकण उघडून घ्या. दिवसागणिक गंज पुढे सरकतो.

मनगटावर उठलेले चट्टे कशाचे, ते मी लांबून ठामपणे सांगू शकत नाही. पण तुमची हकिगत ऐकून संशय निकेलवर जातो. स्वस्त सोनेरी घड्याळात आत पितळ किंवा जस्ताचा मिश्र धातू, त्यावर बहुधा निकेलचा थर आणि वर सोनेरी मुलामा असतो. घाम आणि दिवसातून पन्नास वेळा लावलेला सॅनिटायझर तो मुलामा खातो, खालचं निकेल कातडीला लागतं आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांना खाज सुटते. घड्याळ उलटं करून झाकणावरची बारीक अक्षरं वाचा. तिथे बहुतेक 'स्टेनलेस स्टील बॅक' असं असेल. लोक ते वाचून समजतात की घड्याळ स्टीलचं आहे. त्याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं. बाकीचं अंग 'बेस मेटल', म्हणजे मुलामा दिलेला धातू. तुम्हाला हवं ते 'ऑल स्टेनलेस स्टील' किंवा '३१६ एल' असं लिहिलेलं. या स्टीलमध्येही निकेल असतं, पण ते धातूत घट्ट बांधलेलं असल्यामुळे कातडीत फारसं उतरत नाही. पट्ट्याचं बक्कलही स्टीलचंच बघून घ्या, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही आणि चट्टा नेमका मनगटाच्या खालच्या बाजूला उठतो. एवढं करूनही त्रास झाला तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, तुम्ही तर रुग्णालयातच आहात.

पट्टा चेनचा की कापडाचा? भांडुप ते परळ स्लो लोकलच्या लेडीज डब्यात वरची कडी धरून उभं राहताना चेनच्या कड्या शेजारणीच्या केसांत नाही तर ओढणीत अडकतात, हा तुमचा रोजचा अनुभव असेल. चामड्याचा पट्टा दिसतो सुंदर, पण जून ते सप्टेंबर त्याला वास येतो आणि आतून बुरशी धरते. मी तुम्हाला विणलेल्या नायलॉनचा पट्टा सुचवतो. रात्री साबणानं धुवून पंख्याखाली टाकला की सकाळी कोरडा. २०० ते ४०० रुपयांत मिळतो, दोन रंग ठेवा. समारंभासाठी एक तपकिरी चामड्याचा ठेवा आणि तो फक्त हिवाळ्यात आणि लग्नसराईत काढा. हे सगळं जमायचं तर घड्याळाची पट्टा बसवायची जागा साध्या पिनेची आणि १८ किंवा २० मिलिमीटरची हवी. काही घड्याळांना कंपनीचाच खास खाचेचा पट्टा लागतो. तो तुटला की तसाच दुसरा मिळेपर्यंत घड्याळ कपाटात.

आत मशीन कुठलं हवं, यावर मी फार वेळ घालवत नाही. सेलवरचं. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, त्याची पंधरा वेळा निम्मेनिम्मी वाटणी केली की बरोबर एक उरतो, तोच सेकंद काट्याचा एक ठोका. ५०० रुपयांच्या घड्याळात हेच असतं आणि ५,००० च्याही. महिन्याला १५-२० सेकंदांचा फरक पडतो. चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ माझ्या जिवाचं आहे, पण ते दिवसाला तेवढं पुढेमागे जातं आणि दोन दिवस हातात घातलं नाही तर थांबतं. तीन पाळ्यांत धावणाऱ्या बाईला ते कशाला?

रात्रपाळीसाठी एक सांगतो. काट्यांवरचा हिरवा रंग, ज्याला आपण अजून 'रेडियम' म्हणतो, त्यात आता रेडियम नसतं. तो दिव्याचा उजेड पिऊन घेतो आणि अंधारात सोडतो. संध्याकाळी झगझगीत दिसतो, पहाटे चारला मंदावलेला असतो. तेव्हा त्यावर विसंबू नका. बटण दाबल्यावर दिवा लागणारं घड्याळ मिळालं तर चांगलं, नाहीतर पांढरं डायल आणि काळे ठसठशीत काटे घ्या, कॉरिडॉरच्या उजेडातही वेळ कळते. कॅसिओचं १९८९ पासून निघणारं एफ-९१ डब्ल्यू हे डिजिटल घड्याळ असं दिव्याचं आहे, वजन जेमतेम २१ ग्रॅम. पण आकड्यांवर नाडी मोजणं काट्याइतकं सोपं जात नाही आणि तुमच्या मनगटावर ते लहान दिसेल. आणि नव्या घड्याळात तारीख असेल तर ती रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान चावीनं बदलू नका. त्या वेळात तारखेचं चाक दात्यात अडकलेलं असतं, जोर केला की दाता मोडतो. रात्रपाळीत महिना बदलतो आणि माणूस हमखास तेव्हाच तारीख लावायला जातो.

आता घरच्या तीन सल्ल्यांकडे वळतो.

मुलीचं स्मार्टवॉच: तिचा हेतू चांगला आहे, आई दिवसभर किती चालते ते तिला मोजायचंय. पण ते दर थोड्या दिवसांनी चार्ज करावं लागतं, बहुतेकांतली बॅटरी सहज बदलता येत नाही, आणि पाच हजारांतलं दोन-तीन वर्षांत जुनं होतं. स्टीलचं साधं घड्याळ नीट सांभाळलं तर ती मुलगी स्वतः कमवायला लागेल तेव्हाही चालू असेल. या खेपेला नको.

भावाचं एचएमटी: त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं. बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला आणि पुढची पंचवीस वर्षं या देशाच्या मनगटावर तेच होतं. १९८७ पासून टायटन सेलची घड्याळं घेऊन आलं, चावीची मागे पडली, आणि २०१६ मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तेव्हापासून जुन्यांना भाव आलाय. मापही तुम्हाला चालेल. पण चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर जे लखलखीत एचएमटी नाही तर जुनं जपानी सेको दाखवतात, त्यातल्या बऱ्याचशांचं डायल नव्यानं रंगवलेलं असतं, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं, केस घासून घासून तिच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. जगभरचे घड्याळवेडे अशा मालाला चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं घेतलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच शहरात मूळ सुटा भाग मिळेपर्यंत महिनामहिना थांबणारे कारागीर मी पाहिलेत. आणि अस्सल जरी मिळालं तरी त्याला पाणी मुळीच चालत नाही. भावाला सांगा, नात्यात कुणाच्या कपाटात पडलेलं जनता किंवा पायलट असेल तर ते आण. ते दुरुस्त करून हिवाळ्यात घालता येईल. बाजारातलं नको.

नवऱ्याचं सोनेरी: त्यांना तुमच्या हातात सोनं बघायचंय, एवढंच त्यामागे आहे. ५,००० त चांगला टिकाऊ सोनेरी मुलामा मिळणं अवघड. स्टीलवर पीव्हीडी पद्धतीनं, म्हणजे निर्वात पेटीत वाफेच्या रूपानं, चढवलेला थर जुन्या मुलाम्यापेक्षा बराच टिकतो, पण तोही घासून जातो. मधला मार्ग आहे. अंग पांढऱ्या स्टीलचं, डायल मात्र फिक्या सोनेरी किंवा मोतिया रंगाचं, काटे सोनेरी. काचेच्या आतला रंग घामानं जात नाही.

पैशांचा हिशेब असा धरा. छातीवरचं घड्याळ ५०० पर्यंत. मनगटावरचं ३,००० ते ३,५००. दोन नायलॉनचे पट्टे आणि एक चामड्याचा मिळून साधारण हजार. तीन वर्षांनी सेल बदलताना रबर रिंगसुद्धा नवी बसवून घ्या, त्याचे शे-दोनशे जास्त पडतील, ते वाचवू नका. सेकंद काटा एकेक सेकंद जायचं सोडून चार-पाच सेकंदांची उडी मारायला लागला तर समजा, सेल संपत आलाय. बऱ्याच घड्याळांत ती मुद्दाम ठेवलेली खूण असते.

कंपन्यांपैकी टायटन, टाइमेक्स, कॅसिओ यांच्या जेंट्स आणि युनिसेक्स मालात तुमच्या मापाची घड्याळं या पैशांत मिळतात. सोनाटात त्याहून स्वस्त आहेत, पण तिथे 'बेस मेटल' जास्त, म्हणून झाकण नीट वाचा. काच साधी मिनरलच मिळेल. सफायर, म्हणजे सहज ओरखडे न पडणारी काच, या किमतीत सहसा नसते, आणि असल्याचं कुणी सांगितलं तर दोनदा विचारा. फूटपाथवर मोठमोठ्या स्विस नावांची मिळतात त्यांच्याकडे बघूही नका.

दुकान दादरचं निवडा, नाहीतर मुलुंडचं, पण त्या पहिल्या दुकानात परत जायची गरज नाही. पर्समध्ये पट्टी घेऊन जा. काउंटरवर 'लेडीज घड्याळ दाखवा' असं म्हणायचं नाही. सरळ म्हणायचं, "जेंट्समध्ये ३६ ते ३९ मिलिमीटर, ऑल स्टील, ५० मीटर किंवा त्याहून वर, पांढरं किंवा मोतिया डायल, साध्या पिनेचा पट्टा. चार दाखवा." इतकं नेमकं बोलणाऱ्या गिऱ्हाइकासमोर दुकानदार नीट उभा राहतो, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. चारही हातात घालून बघा, आरशासमोर जा. बिलावर मॉडेलचा नंबर आणि गॅरंटी कार्डावर शिक्का घ्या.

आणि ते सोनेरी घड्याळ टाकून देऊ नका. नवऱ्यानं हौसेनं आणलेलं आहे. घड्याळजीला उघडून दाखवा, नुसता गंज असेल तर मशीन बदलून मिळतं आणि ते फार महाग पडत नाही. पण दुरुस्तीला न्यायला महिना-दोन महिने लागणार असतील तर आजच जवळच्या घड्याळवाल्याकडून त्यातला सेल तेवढा काढून घ्या. संपलेला सेल आत राहिला की तो झिरपतो आणि उरलंसुरलं मशीनही खातो.